काळ्या पिशवीतलं कलम

नर्सरीतून आणलेल्या कलमाच्या काळ्या पिशवीला ओल्या मातीचा वास येतोय, आणि भूकंपानंतरचं आमचं पत्र्याचं शेड आठवतंय. आईनं दारात केशर आंब्याचं कलम लावलं होतं. रोज पाणी घालूनही वर्षभर त्याला नवी पालवी फुटेना. शेवटी मी बुडाची माती उकरली, तर पिशवी तशीच आणि मुळं आतल्या आत वेटोळं घालून बसलेली. "पिशवी काढली न्हाईस व्हय?" मी विचारलं. "परत गावात जाताना उचलून न्यायला बरं पडंल म्हनलं," आई म्हणाली. गावात तर नुसते दगडांचे ढीग उरले होते. मग तिनंच विळ्यानं पिशवी चिरली. आता लेकीच्या क्लासपायी बायकोही लातूरला खोली करून राहिलीय; इथं घरात मी एकटाच. दारात खड्डा खणून झालाय, पण पिशवी काही माझ्यानं फाडवत नाही.