केसभर उंच दाढ

अप्पा कवळ्या बनवत. एकतीस वर्षं हेच काम. स्वयंपाकघरामागच्या खोलीत घासायची मोटर, प्लास्टरचं पोतं, खिडकीखाली टेबल आणि तिन्ही भिंतींच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले लोकांचे प्लास्टरचे जबडे. निम्म्या वस्तीची तोंडं त्यांनी आतून पाहिलेली, पण रस्त्यात समोरून आलेला माणूस आपण केलेल्या दातांनी हसतोय हे त्यांना कळायचं नाही. लोकांशी त्यांचा संबंध प्लास्टरपुरताच होता आणि त्यांना तो पुरेसा वाटे.

दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरबाई जबड्याचा साचा आणि चिठ्ठी डब्यात घालून पाठवत. अप्पा कवळी करून देत, बाई ती तोंडात बसवत. बसवताना वरच्या-खालच्या दातांमध्ये निळा कागद धरून चावायला सांगायची पद्धत असते. जिथे दात उंच राहिला असेल तिथे गडद ठिपका उमटतो, मग तेवढं घासायचं. दुसऱ्या कारागिरांच्या कवळ्यांना बाई हा कागद लावत. अप्पांची कवळी आली की कागदाचा खण उघडतसुद्धा नसत. "अप्पांचं काम आहे, तपासायला काय झालंय," असं त्या पेशंटला सांगत. हे वाक्य अप्पांच्या कानावर कधीतरी आलं होतं आणि त्या दिवसापासून ते जरा ताठ चालू लागले होते.

त्यांना एकच लेक. ती एका व्यापाऱ्याची गाडी चालवायची. नऊ वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. मालक मागे डोळे मिटून बसत, याचा तिला कोण अभिमान. यंदा मालकांनी नवी काळी गाडी घेतली. चाकं मोठी, झगझगीत, आणि त्यांच्यावर टायर म्हणजे नुसती रबराची पट्टी. दिसायला झोकदार, पण खड्ड्याला अगदी नाजूक. आणि दवाखान्याजवळच्या वळणावर, साचलेल्या पाण्याखाली खड्डा होता. डावीकडची दोन्ही चाकं त्यात आपटली. पुढचा टायर जागच्या जागी फाटला, मागच्या चाकाच्या धातूला तडा गेला.

"एवढ्याशा खड्ड्याने धातू फुटतो?" अप्पांनी विचारलं.

"रबर जाड असतं तर त्याने धक्का खाल्ला असता, अप्पा. हे पातळ. धक्का थेट चाकाला."

"म्हणजे हिरडी झिजलेली," अप्पा म्हणाले, आणि त्यांना सगळं समजलं.

मालक वाईट नव्हते, पण पक्के होते. खड्डा होता असं रस्ते कचेरीकडून लेखी आण, म्हणाले, नाहीतर चूक तुझी. लेकीने त्याच दिवशी अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीची माणसं आली आणि खडी-डांबर ओतून खड्डा बुजवून गेली. तिसऱ्या दिवशी रस्ते निरीक्षक पाहणीला आले. आठवड्याने उत्तर आलं: 'स्थळपाहणी केली. खड्डा आढळला नाही. वाहन बेफिकिरीने चालवल्यामुळे नुकसान.' खाली निरीक्षकांची सही, सहीखाली नाव, नावावर शिक्का.

मालकांनी किल्ली काढून घेतली. दुसरीकडे कामाला गेलं तर आधीच्या मालकाला फोन जायचा आणि फोनवर 'बेफिकिरी' हाच शब्द सांगितला जायचा. तीन ठिकाणांहून तिला परत पाठवलं. पोरगी घरी बसली. बसली म्हणजे काय, दिवसभर भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची आणि आदळायची. अप्पा मागच्या खोलीत तो आवाज ऐकत कवळ्यांचे दात घासत बसत. त्या सहीवाल्याचा गळा धरावा असं त्यांना रोज वाटे. कचेरीत दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा साहेब जागेवर नव्हते. घरी येऊन अप्पांनी ते पत्र टेबलाच्या खणात ठेवलं, आणि खण उघडला की ते वाचायचं, अशी सवय लावून घेतली. राग शिळा होऊ द्यायचा नव्हता.

दीड महिन्याने डॉक्टरबाईंकडून डबा आला. आत एक जबडा आणि चिठ्ठी. चिठ्ठीवरचं नाव अप्पांनी वाचलं, खण उघडला, पत्र काढून शेजारी ठेवलं. नाव तेच होतं.

अप्पांनी जबडा खिडकीशी नेला. दात सगळे गेलेले, आणि खालची हिरडी झिजून पार सपाट, डावीकडे तर हाडावर जेमतेम पातळसा पापुद्रा. असल्या तोंडात कवळी फार जपून करावी लागते, कारण दात जरासा उंच राहिला तरी धक्का खायला मध्ये काही नसतं. कळ थेट हाडात जाते. अप्पा बराच वेळ त्या डाव्या बाजूकडे बघत उभे राहिले. मग जेवायला गेले आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

कवळी त्यांनी सुंदर केली, अगदी मन लावून. शेवटी सगळे दात घासून एका पातळीत आणायचे असतात. ते आणले. फक्त खालची डावी मागची दाढ घासायची सोडली. ती केसभर उंच राहिली. ओतलं नाही, वाढवलं नाही, करायचं काम केलं नाही, एवढंच. कचेरीसुद्धा खड्डा कुठे स्वतः खणते?

बाईंनी खण उघडला नाही. कवळी बसली.

आठ दिवसांनी साहेब स्वतः दारात उभे राहिले, हातात रुमालात गुंडाळलेली कवळी. बाईंनीच पाठवलं होतं. अप्पांचं काम आहे, त्यात चूक असायची नाही, तरी दाखवून या, म्हणाल्या होत्या. साहेब ठेंगणे, नीटनेटके, खिशाला दोन पेनं.

"कुठे लागतंय?" अप्पांनी विचारलं.

"डावीकडे, खाली. चावलं की डोक्यापर्यंत कळ जाते."

अप्पांनी कवळी उजेडात धरली. फिरवली. चष्मा काढून पुन्हा घातला. "पाहणी केली," ते म्हणाले. "उंचवटा आढळला नाही."

"अहो, पण लागतंय ना."

"तुम्ही चावता कसे? बेफिकिरीने चावलं की असं होतं."

साहेबांना काही कळलं नाही. बिचारे मान हलवून गेले आणि चार दिवसांनी परत आले. गाल बसलेले, हिरडीला फोड. "चार दिवस नुसतं पातळ पितोय हो," म्हणत त्यांनी कवळी टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा पाहून अप्पांना दया येईल असं कुणाला वाटलं तर ते चूक आहे. अप्पांना फार बरं वाटलं.

"अर्ज करा," अप्पा म्हणाले.

"अर्ज?"

"लेखी. कुठली दाढ, केव्हापासून लागते, नुकसान काय झालं. मग मी पुन्हा पाहणी करीन."

साहेब हसले. अप्पा हसत नाहीत हे बघून थांबले. अप्पांनी खणातलं पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. साहेबांनी आपलीच सही वाचली. आतल्या घरात एक पातेलं आपटलं.

"ही तुमची कोण?"

"लेक. तीच भांडी घासतेय."

साहेब खाली बघत म्हणाले, "कामाची पद्धतच तशी आहे. तक्रार आली की आधी बुजवायचं, मग पाहणी करायची. त्यामुळे पाहणीत खड्डा सापडत नाही."

"आणि बेफिकिरी? तुम्ही तिला गाडी चालवताना पाहिलंत?"

"नाही."

"मग लिहिलंत कुठून?"

"नुकसानीचं कारण, असा रकाना असतो," साहेब म्हणाले. "तो रिकामा ठेवता येत नाही. काहीतरी भरावं लागतं."

अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूडबुद्धीने लिहिलं असतं तर एक वेळ समजलं असतं. रकाना भरायला! नऊ वर्षं एका रकान्यात घालून माणूस घरी जेवायला गेला होता. अप्पांनी कोरा कागद आणि त्याच्याच खिशातलं पेन त्याच्यापुढे केलं.

साहेबांनी लिहिलं: अर्जाच्या दिवशी त्या जागी खड्डा होता, पाहणीआधी तो बुजवला, चालकाची चूक नाही. सही केली. "शिक्का कचेरीत आहे. उद्या आणतो."

"मग कवळीही उद्या."

साहेब बोळक्या तोंडाने गेले. दुसऱ्या दिवशी रुमाल तोंडाशी धरून कचेरीत बसले असणार, आणि लोकांना काय हवं-नको ते मानेनेच सांगितलं असणार. अप्पांनी हे चित्र दिवसभर पुन्हा पुन्हा मनात बघितलं. संध्याकाळी शिक्का आला. अप्पांनी निळा कागद लावला, ठिपका पाहिला, मोटर चालू केली. चार सेकंदांचं काम होतं.

कागद वाचून मालकांनी किल्ली परत दिली. लेकीला खरं काय घडलं ते अप्पांनी जेवताना सांगितलं, आवाज काढून, साहेबांची नक्कल करून. ती हसली, दोन महिन्यांनी पहिल्यांदा. मग थांबली.

"डॉक्टरबाईंनी बसवताना तपासलं नाही?"

"माझं काम त्या तपासत नाहीत."

"विश्वासावर बसवली म्हणा," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. या वेळी भांडी आपटली नाहीत.

पुढची कवळी अप्पा स्वतःच बाईंकडे घेऊन गेले. साहेब तिकडे आधीच जाऊन आले होते. आता छान बसली, अप्पांनी दाढ घासून दिली, असं प्रामाणिकपणे सांगून आले होते. खुर्चीत एक म्हातारी वाट बघत होती. बाईंनी कवळी तिच्या तोंडात बसवली, खण उघडला, निळ्या कागदाची पट्टी फाडली आणि म्हणाल्या, "चावा, आजी."

ठिपका उमटला नाही. "बरोबर आहे हो अप्पा," बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत हे सांगायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. अप्पांना चपराक बसावी तसं झालं. "येतो," म्हणून ते निघाले.

परतताना दवाखान्याजवळच्या वळणावर ते थांबले. ओतलेली खडी सुटून खड्डा पुन्हा उघडा पडला होता. थोड्या वेळाने काळी गाडी आली. लेकीने वेग कमी केला, चाकं अलगद बाजूने काढली. मागच्या सीटवर मालक डोळे मिटून बसले होते. अप्पा गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

घरी येऊन त्यांनी साहेबांचा जबडा फळीवरून काढून हातात घेतला. तो पुन्हा डब्यातून आला असता तर त्यांनी पुन्हा हेच केलं असतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फक्त आता ते जमलं नसतं. आता बाईंनी कागद लावला असता.