सुशीलाबाईंची पेशी

श्रीमती सुशीलाबाई कंधारकर यांना मी प्रथम पाहिले ते नारायणगुड्याच्या आमच्या शाळेत, नववीच्या वर्गाबाहेर उभी राहून. मी इंग्रजी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. आत बाईंनी विचारले, "पेशी म्हणजे काय?"

एक मुलगी ताडकन उठली. "कोर्टातली तारीख, बाई! आमच्या आजोबांची सारखी असते."

हैदराबादेत दुसरे उत्तर कसे येणार? उर्दूतली पेशी येथे घरोघरी ठाऊक. मराठीतली फक्त पुस्तकात. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत.

"बरोबर. त्या पेशीला माणूस उभा राहतो, आणि या पेशींमुळे माणूस उभा राहतो. आता कांद्याचा पापुद्रा काढा, दाखवते."

मी कॉन्व्हेंटात शिकलेली. ऑस्मॉसिसची व्याख्या सिस्टरांनी स्वल्पविरामासकट पाठ करून घेतली होती. ती मला अजून येते. पण ऑस्मॉसिस म्हणजे काय, हे मला तिशी उलटल्यावर कळले, बाईंनी वर्गात भिजत घातलेल्या मनुका टम्म फुगल्या तेव्हा. आज हिमायतनगरातल्या शिकवण्यांत त्याच व्याख्या 'मटेरियल' म्हणून विकतात, हे पाहून माझा संताप होतो. बाई शांतपणे म्हणतात, "टीचर, चिडून मनुका फुगत नाहीत."

माझे यजमान दवाखान्यात होते, तेव्हा न सांगता बाईंनी माझे इंग्रजीचे तास घेतले. परत येऊन पाहते, तर 'माझा आवडता मित्र' या निबंधात अर्ध्या वर्गाने गांडुळावर लिहिलेले! व्याकरण मात्र निर्दोष होते.

दहावीला प्रजननाचा धडा असे. "घरी वाचा" म्हणून तो उलटायचा, अशी बहुतेकांची रीत. मी तिला भ्याडपणाच म्हणते. बाई तो फळ्यावर आकृत्या काढून शिकवीत. एका वर्षी अंबरपेठेतले एक किराणा दुकानदार, वर्गातल्या एका मुलीचे वडील, तक्रार घेऊन आले. व्यवस्थापनाने बाईंना बोलावले: धडा गाळा, नाहीतर नोकरी सोडा. व्हरांड्यात मुले कुजबुजली, "आज बाईंची पेशी आहे!"

शिक्षकांच्या वतीने मी तेथे बसले होते.

"आमच्या पोरीला असलं नक्को शिकवा, बाई," दुकानदार म्हणाले. "लग्न झालं की कळतंय सगळं."

"शेठ, नवा माणूस ठेवला तर तराजू आधी दाखवता, का गिऱ्हाईक दारात आल्यावर?"

"तराजूचं वेगळं हो!"

"मग उद्या तुम्ही नवरा-बायको दोघंही या. मागच्या बाकावर बसा. एक शब्द जरी वावगा वाटला, तर राजीनामा तुमच्यासमोर देते."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको आले. बाईंनी गुणसूत्रे शिकवली. आईकडून नेहमी एक्सच येतो. वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. मागून त्या आईंचा आवाज आला, "म्हणजे बाई, माझ्यामुळे नाही?" त्यांना तिन्ही मुलीच, आणि सासूचे बोलणे रोजचे.

"नाही हो. तुमच्याकडे वाय नसतोच."

सारा वर्ग वळून दुकानदारांकडे पाहू लागला. माझी तर जीभ शिवशिवत होती. बाई लगेच म्हणाल्या, "दोष त्यांचाही नाही. काय जायचं, हे कुणाच्या हातात नसतं. फळ्याकडे बघा."

दुकानदारही फळ्याकडे पाहत राहिले. तास संपल्यावर ते बाईंपाशी आले. "राजीनामा नक्को, बाई. धडा चालू द्या." थोडे घुटमळून म्हणाले, "उद्या माझ्या आईला आणलं तर चालतंय का?"

"हौ, आणा की," बाई म्हणाल्या.

हा प्रसंग 'जरा नाजूक' आहे, शुभकार्यात नको, असे गौरव समितीने मला सुचवले आहे. नाजूक! ज्या धड्यासाठी बाईंनी नोकरी पणाला लावली, तोच त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथातून गाळायचा? तो गाळायचा असेल, तर माझे नावही गाळावे.

सुशीलाबाईंना निरोगी, हसतेखेळते दीर्घायुष्य लाभो. गुडघे दुखू नयेत, आवाज असाच खणखणीत राहो. "घरी वाचा" अजूनही किती शाळांतून ऐकू येते. मागच्या बाकावर येऊन बसायच्या अशा कितीतरी आया आणि सासवा बाकी आहेत. त्यांच्यासाठी तरी बाईंनी शंभरी गाठलीच पाहिजे.