आत्याला खाली उतरवायचं कसं?

आमच्या घरात डोंगर चढणारी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा घरातलं कुणीही डोंगर चढत नव्हतं.

कारण होती आत्या. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि धारला आमच्याकडेच राहते. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे. दर अमावास्येला तिला धरमपुरीला नर्मदेच्या दर्शनाला जायचं असतं, आणि आमची जुनी गाडी त्या रस्त्यावर पोट घासत, कण्हत जायची. मी जाहीर केलं, आता फोर व्हील ड्राइव्हच!

मग मी अभ्यासाला लागलो. धार झालं, देवास झालं, इंदूरचे शोरूम झाले. एक गाडी स्वस्त होती, पण तिची मागचीच चाकं जोर लावायची. दुसरीची चारही चाकं जोर लावायची, पण मागे बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे हे कंपनीने ठरवलं नव्हतं. तिसरीत सगळंच होतं. तिची किंमत ऐकून माझ्या बायकोने, मेघाने, पाणी मागितलं. मी मात्र तिच्या जमिनीपासूनच्या उंचीवर फिदा होतो. (खालून कुत्रं आरामात जाईल एवढी! आमच्याकडे कुत्रं नाही.)

"एकदा आत्याला बसवून बघा," मेघा म्हणाली. एवढं एकच वाक्य, आणि मी ते पाठिंबा समजलो.

शोरूमचा चौहान नावाचा सेल्समन चकचकीत गाडी घेऊन दारात आला. आत्याने नऊवारी सावरली, एक पाय प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवला, मी मागून आधार दिला, चौहानने "जय माताजी" म्हटलं, आणि आत्या वर पोचली. त्याच क्षणी स्टूल कडकन मोडलं. आम्ही हसलो. हसायला नको होतं.

गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर मी गाडीचे सगळे गुण दाखवले. खड्ड्यातून नेली, चढावर थांबवली, नाल्याच्या पाण्यातून काढली. आत्या खिडकीवरची मूठ धरून ताठ बसली होती. मला वाटलं, भारावली आहे.

घरी परत आलो. दार उघडलं. आत्याने खाली पाहिलं आणि शांतपणे दार ओढून घेतलं.

"नंदू, मी उतरणार नाही."

मी समजावलं. नवं स्टूल आणलं. आत्याचा स्टूल या वस्तूवरचा विश्वासच उडाला होता. खुर्ची आणली, ती डुगडुगली. मी उचलायचा प्रयत्न केला, तर माझ्याच कमरेतून असा आवाज आला की आत्यानेच मला धीर दिला. चौहान पुढे सरसावला. आत्याने वर्गात वापरायची ती नजर टाकली, तसा तो दोन पावलं मागे गेला. परक्या पुरुषाने तिला हात लावायचा नव्हता.

चौहानला शोरूममधून फोनवर फोन येऊ लागले. हीच गाडी बघायला दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. "भिया, कुछ करो," तो मला म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझा तर आधीच पडला होता.

शेवटी मेघाला सुचलं. मंडीत सोयाबीनची पोती उतरवायला उंच ओटा आहे, गाडीच्या बरोबरीचा. गाडी त्याला चिकटवली की आत्या सरळ चालत बाहेर येईल, आणि मग ओट्याच्या टोकाच्या उतारावरून हळूहळू खाली.

आम्ही मंडीत गेलो. पुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. नंबर लावावा लागला. फाटकावरच्या माणसाने आमच्या गाडीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "क्या माल है?"

"माताजी हैं," चौहान म्हणाला.

त्याने काही न लिहिता आत सोडलं.

आत्या ओट्यावर उतरली. हमालांनी पोती बाजूला करून वाट दिली, कुणी नमस्कारही केला. मी घामाघूम होऊन खाली उभा होतो, आणि ती वरून मला म्हणाली, "गाडी उत्तम आहे. लोकांच्या कुंपणापलीकडचं सगळं दिसतं. घे."

मेघाने माझ्याकडे पाहिलं. मी गाडी घेतली नाही.

आता आत्या धरमपुरीला बसने जाते, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. बस त्या गाडीहून उंच आहे, चढायला-उतरायला दांडा आणि पायऱ्या आहेत, मागे बसणाऱ्याचे पायही मावतात, आणि आत्याला पाहून ड्रायव्हर स्वतः बस थांबवतो. इतका अभ्यास करताना मी एवढ्या गाड्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, पण आमच्या घरासमोरून रोज जाणारी ही गाडी मी हिशेबात धरलीच नव्हती!