डावा, उजवा आणि काकीचं ताट
काकीनं माझ्या आईचा एक डोळा पळवला, असं मी अजूनही म्हणते. लोकांना वाटतं, हिचं डोकं फिरलंय. वाटू दे.

माझे वडील घोडेगावात वायरमन. दिवाळीत पेठेतल्या दिव्यांच्या माळा तेच लावायचे, आणि त्या लागल्या की कॅमेरा घेऊन घरच्या सगळ्यांना बाहेर काढायचे. एका पाटावर त्यांनी खडूनं दोन खुणा केल्या होत्या. डाव्या खुणेवर कॅमेरा ठेवून एक फोटो, मग कॅमेरा थोडा सरकवून उजव्या खुणेवर तसाच दुसरा. "हलायचं न्हाई कुणी!" असं ते ओरडायचे आणि काका हमखास शिंकायचे.

जुन्या चाळिशीची दोन भिंगं बसवून वडिलांनी एक डबी केली होती. तिच्यात ते दोन फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले की माळा हवेत तरंगायच्या आणि माणूस हात लावावा इतका पुढं यायचा. डावा-उजवा चुकून बदलला तर सगळं उलटं. पुढचा माणूस दिव्यांच्या मागं, भिंतीत रुतल्यासारखा दिसायचा. अशा दोन फोटोंना आमच्या घरी जोडा म्हणत.

सगळ्यांत देखणा जोडा ओझरच्या देवळातला. कार्तिकी पौर्णिमेला दीपमाळ नुकतीच पेटलेली, आभाळात अजून उजेड, आणि पुढं पदर सावरत आई. डबीत तिच्या नाकातली मोरणीसुद्धा उठून दिसायची. वडील आल्यागेल्याला तोच दाखवायचे, आणि काकीच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

पुढच्या दिवाळीला शेजारपाजारची फराळाची ताटं आली. ताट रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. एरवी काकी साखर नाहीतर करंज्या घालायची. त्या वर्षी तिनं वडिलांच्या फोटोंच्या पेटीतून जोड्यांतला एकेक फोटो काढला आणि करंज्यांवर ठेवून गावभर वाटला.

"सारखंच तर व्हतं दोन-दोन," ती म्हणाली. "एक दिला तर काय बिघडलं? लोकं लई खूश झाली."

मी घरोघर फिरले. काही फोटो मिळाले, तेलाचे डाग पडलेले. आईचा उजवा फोटो मात्र कुठल्या ताटातून गेला, ते काकीला आठवत नव्हतं. निगेटिव्ह आधीच्या पावसाळ्यात ओल लागून एकमेकींना चिकटल्या होत्या. वडील त्या सोडवत बसले. आई म्हणाली, "जाऊ दे गं, चुकून झालं आसंल." मग मी पेटी नीट पाहिली. काकी आणि काका ज्यात होते, ते जोडे जसेच्या तसे. एकालाही हात लागलेला नव्हता. चुकून म्हणे!

दोन वर्षांनी आई गेली. डबीत डावा फोटो लावला की ती दिसते, पण चपटी, कॅलेंडरवरच्या बाईसारखी. तिची मोरणी नुसता एक ठिपका. मी रडले नाही. चांगली चिडले, आणि तो राग जपून ठेवला.

काका गेले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. वडीलही तोवर राहिले नव्हते, डबी माझ्याकडे होती. दिवाळीत काकी आली, अंगानं अर्धी झालेली. म्हणाली, "यांचा माळांपाशी काढलेला जोडा दाखव की. हात लावावासा वाटायचा बघ."

मी जोडा काढला. डावा उजवीकडे लावला, उजवा डावीकडे, आणि डबी तिच्या हातात दिली.

तिनं डोळे लावले. खूप वेळ बघत राहिली. एक हात पुढं नेला, मागं घेतला. "ह्ये मागं का गेल्यात? दिव्यांच्या पल्याड?"

"मला काय ठाऊक, काकी."

"न्हाई, तू कायतरी बदललंस. आधी आसं नव्हतं दिसत." तिनं डबी परत डोळ्यांना लावली. "एकदा नीट दाखव गं. परत न्हाई मागायची."

मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मी तिच्या हातून डबी काढून घेतली.

"दाखवते की," मी म्हटलं. "आधी माझ्या आईचा उजवा आण."