सोलांच्या पुड्यांचे कागद

माझी वहिनी गोव्याची. नरखेडकडच्या आमच्या खेड्यात ही बातमी पोचली तेव्हा आईनं एवढंच विचारलं होतं, "एवढ्या दूर काहून गेला हा पोरगी पाहाले?"

दादा पाहायला गेलाच नव्हता. तो मुंबईत ओव्हरसीअरचं शिकत होता आणि वहिनी तिथं मामाकडं राहून कॉलेज करत होती. मामांच्या घरी ओळख झाली, लग्नही मामांनीच लावून दिलं. तिचे आईवडील पणजीहून येऊ शकले नाहीत. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. आपल्या सरकारनं त्यांच्याशी व्यवहार तोडलेले, त्यामुळं आगगाडी बंद, बोट बंद. सरहद्द ओलांडायची तर परवाना हवा. तिच्या वडिलांनी अर्ज केला होता, तो मंजूरच झाला नाही. नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला आई नव्हती, हे वहिनीनं मला कधी सांगितलं नाही. दादानं सांगितलं.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. कॉलेजसाठी मी धरमपेठेत दादाच्या बिऱ्हाडी राहायला आले. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली घरमालकीणबाई. दादा सरकारी बांधकाम खात्यात लागला होता आणि दिवसभर कुठल्या तरी रस्त्याच्या कामावर उन्हात उभा असायचा. घरात आम्ही दोघीच. ती मला "वन्सं" म्हणायची, थोडी थट्टेनं, कारण मी तिच्यापेक्षा बरीच लहान होते. तिचं मराठी मला पुस्तकातल्यासारखं वाटायचं आणि माझं ऐकून ती हसायची. "मी पाणी भरून राहिली," म्हणजे भरते आहे, असं म्हटलं की ती म्हणायची, "भरून झालं ना, मग राहिली कुठं?"

मी आल्यावर थोड्याच दिवसांनी मुंबईच्या मामांकडून एक पार्सल आलं. पणजीहून कोणी ना कोणी परवाना काढून मुंबईला यायचं. सामान डोक्यावर घेऊन सरहद्द पायी ओलांडायची. अशा माणसाबरोबर तिच्या माहेरून काहीबाही यायचं आणि मामा ते पुढं नागपूरला पाठवायचे. त्यात सोलां होती, म्हणजे आमसुलं, आणि सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी. सुंगटांचा वास जिन्यावरून खाली गेला आणि घरमालकीणबाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, "काय मेलं वं वर?" वहिनीनं घाईघाईनं डबा बंद केला. सोलांच्या पुड्या मात्र तिनं जमिनीवर ठेवल्या आणि हलक्या हातानं सोडल्या. सोलां एका ताटात ओतून बाजूला सारली. मग कागद मांडीवर घेऊन तळहातानं सपाट करत बसली.

"काय आहे त्याच्यात?" मी विचारलं.

"सरकारी जाहीरनामे," ती म्हणाली. "पोर्तुगीज सरकारचे."

तिचे वडील पणजीत एका जहाज एजंटाच्या कचेरीत कारकून होते. तिथं हे सरकारी राजपत्र येत असे. जुने अंक रद्दीत निघाले की ते घरी आणायचे. वहिनी लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. तिनं कागद उजेडात धरला आणि वाचत वाचत मला मराठीत सांगायला लागली. अमक्या रस्त्यावर गटाराचं काम चालू आहे, तोवर बैलगाड्यांनी तिकडून जाऊ नये. तमक्या कंपनीच्या बोटीला टपालबोटीच्या सवलती देण्यात येत आहेत.

"म्हणजे काय?"

"टपाल आणते म्हणून तिला बंदरात पहिला मान. बाकीच्या बोटी थांबतील, हिला थांबायला नको. रात्री आली तरी कागदपत्रं लगेच करून द्यायची." तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. "म्हणजे बाबांना आता घरी यायला उशीर होत असणार. आई जेवायची थांबत असेल."

त्या कागदावर बाबांचं नावही नव्हतं. पण वहिनी तो असा वाचत होती, जसं काही घरचंच पत्र आलं आहे. आणि खरं सांगायचं तर घरच्या पत्रांत काही नसायचंच. वडील मराठीत लिहायचे, पण पत्रं दोन्हीकडं फोडून वाचली जातात या धास्तीनं चार ओळींच्या पुढं जायचे नाहीत. सर्व कुशल आहे, तुमचं कुशल कळवावं. आईला लिहिता येत नव्हतं. मग वहिनीला तिच्या गावाची खबर मिळायची ती या पुड्यांच्या कागदांवरून. रस्त्यावरचे दिवे वाढवले, मासळीबाजारात गाडी उभी करायला बंदी, नदीकाठच्या अमुक झाडांच्या फांद्या छाटणार. फांद्यांचं तिनं दोनदा वाचलं. त्या झाडांखाली ती शाळेतून येताना बसायची.

तिनं मला त्या गावात इतकं फिरवलं की मला तिथली वळणं पाठ झाली. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता, मोठी नदी म्हणजे कन्हान. तरी कॉलेजातून सायकलवर येताना मला वाटायचं, या कोपऱ्यावर वळलं की बोटी दिसतील.

मग एका पार्सलातून ते पान आलं. वहिनी नेहमीसारखी मोठ्यानं वाचत होती आणि मधेच तिचा आवाज थांबला. तिच्याच रस्त्याचं नाव होतं. रस्ता रुंद करायचा आहे, त्यासाठी पुढील घरांच्या दर्शनी भागाचा ताबा सरकार घेत आहे. घरांची यादी खाली सुरू होत होती आणि दोन नावांनंतर पान संपत होतं. पुढचं पान आलंच नव्हतं. तिनं सगळ्या पुड्या उलटसुलट करून पाहिल्या.

संध्याकाळी दादा आला तर ती तशीच बसलेली.

"बाबांनी मुद्दाम हेच पान पाठवलंय," ती म्हणाली. "पत्रात लिहिता येत नाही म्हणून असं कळवलं. आमचं घर पाडतायत."

"अवं, रस्ता रुंद कराचा असला तं पुढचा ओटा जाते, घर नाही जात," दादा म्हणाला. "मले नाही माहीत का? माहं कामच ते आहे."

"तुमच्या नागपुरात नाही जात. तिथं कोण विचारतंय!"

 दादानं चप्पल पुन्हा घातली आणि तिच्या वडिलांना पाठवायला म्हणून पोस्टातून पाकीट घेऊन आला. वहिनीनं फिरवून फिरवून विचारलं, घराची डागडुजी केली का, पावसाळ्यापूर्वी काही काम काढलं का. पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं. सर्व कुशल आहे.

त्याच सुमारास मामांनी कळवलं की तिकडच्या सरकारनं भारतात जाणारी पार्सलं पुढचा हुकूम होईपर्यंत बंद केली आहेत, सरहद्दीवरही आता कडक तपासणी होते, कोणी सामान घ्यायला तयार नाही. पार्सलं थांबली. त्या दिवाळीत वहिनीनं सगळं केलं, आकाशकंदीलही लावला. पण स्वयंपाकघरात काम करता करता ती मधेच हात थांबवून उभी राहायची. मी कॉलेजातल्या गोष्टी सांगत राहायची. ती "हं, हं" करायची, आणि मला कळायचं की ती माझ्याजवळ नाही.

डिसेंबरात रेडिओवर बातमी आली. गोव्यात आपलं सैन्य गेलं, पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. घरमालकीणबाई वाटीत साखर घेऊन जिना चढून आल्या. वहिनीच्या तोंडात साखर घालून म्हणाल्या, "आता तं तुहं माहेर आपल्याच देशात आलं वं!" वहिनी हसली आणि तिथंच पायरीवर बसून रडली. बाई तिच्याजवळ बसून राहिल्या. 

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं निघालो. दादाला रजा मिळायला वेळ लागला. आगगाडी, मग बेळगावहून बस, घाट, आणि शेवटी फेरीबोट. मांडवीचं पाणी मी पाहतच राहिले. एवढं पाणी आणि त्यावर चालणारं एवढं मोठं लोखंड! पलीकडं पणजीची घरं दिसत होती. वहिनी कठड्याला धरून उभी होती आणि मला एकेक दाखवेल असं मला वाटलं होतं. तिनं काहीच दाखवलं नाही.

उतरल्यावर ती आमच्यासाठी थांबली नाही. भरभर पुढं गेली, दादा ट्रंक घेऊन मागं. एका वळणावर ती एकदम उभी राहिली. घर होतं. पण पुढचा सज्जा, ज्याच्यावर बसून तिनं सगळं लहानपण काढलं असं तिनं मला कितीदा सांगितलं होतं, तो नव्हता. त्या जागी चुन्याची पांढरी भिंत आणि रस्त्यावरच उघडणारं दार.

दारात तिची आई उभी होती. ठेंगणी, नऊवारी लुगड्यातली. त्या दोघींनी एकमेकींना धरलं तेव्हा मी आणि दादा रस्त्याकडं तोंड करून उभे राहिलो.

दुपारी जेवणं झाल्यावर वहिनीनं वडिलांना विचारलं, "बाबा, ते पान पाठवलंत आणि पुढचं का नाही पाठवलंत? मी किती रात्री काढल्या."

"कसलं पान?"

तिनं सांगितलं. वडील गोंधळून तिच्याकडं पाहायला लागले. "मी नाही गं काही पाठवलं. सज्जा पाडला ते तुला कळूच नये म्हणून तर मी लिहिलं नाही. पुड्या तुझी आई बांधायची."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. वहिनीनं कोकणीत विचारलं, तेव्हा ती संकोचली, जणू काही चुकलंच. मग म्हणाली, "तुका वाचपाक आवडटा न्हय गो?"

पुढचं वहिनीनं मला सांगितलं. तिला वाचायला आवडतं, परक्या गावात तिला वाचायला काय मिळत असेल, म्हणून आई रद्दीच्या गठ्ठ्यातून एकेक पान काढून पाहायची. चित्रांची, जाहिरातींची पानं बाजूला ठेवायची. ज्यावर बारीक अक्षरं जास्त, ते पान पुडीला घ्यायची. म्हणजे लेकीला पुष्कळ वेळ पुरेल.

वहिनी आधी हसली. वडीलही हसले, आई बिचारी सगळ्यांकडं पाहत होती. मग वहिनी उठून आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि बराच वेळ उठली नाही. दादा बाहेर जाऊन नव्या भिंतीला हात लावून पाहत होता. आत येऊन मला हळूच म्हणाला, "काम चांगलं केलं आहे."

आम्ही दोन आठवडे राहिलो. निघताना दादानं सासूबाईंना नागपूरला चलण्याचा फार आग्रह केला. त्या म्हणाल्या, मी आले तर इथं हिची वाट कोण पाहील. वहिनीनं ते मराठीत सांगितलं आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर पत्रं सरळ येऊ लागली, साध्या पोस्टकार्डावर, कुणी न फोडलेली. वडील आता लांबलचक लिहायचे. पार्सलं यायची ती दुकानातल्या खाकी कागदात. वहिनीला सगळं कळायचं, शेजारणीच्या सुनेपासून पावसापर्यंत. ती दर दुसऱ्या वर्षी जाऊ लागली. पुढं आई गेली, मग वडील, आणि ते घर विकलं गेलं. त्यानंतर ती गेली नाही.

माझं लग्न होऊन मी जबलपूरला आले. इथं मराठी बोलायला फारसं कोणी नव्हतं. माझी पोरं हिंदीच बोलायला लागली. पहिल्या वर्षी दुपारी घरात एकटी असले की मला नरखेडची नाही, धरमपेठेतल्या त्या दोन खोल्यांची आठवण यायची. जिन्यावरची सावली, घरमालकीणबाईंचा खोकला, आणि जमिनीवर पाय पसरून बसलेली वहिनी. वहिनीला हे लिहावं असं पुष्कळदा वाटलं. पत्र लिहायला घेतलं की मी लिहायची, इकडं सर्व कुशल आहे.