हर्शेलच्या डबीतला गोळा

हर्शेल टिडमोरला जगात दोनच गोष्टींचा मनस्वी राग होता: वळवळणाऱ्या शेपट्या आणि बायकोचा धाकटा भाऊ डॉइल. डॉइलने तलावाकाठी दुकान टाकून नेमक्या वळवळणाऱ्या शेपट्याच विकायला घेतल्यामुळे दोन्ही राग एका खेपेत काढता येत.

आमच्या अलाबामातल्या तलावावर बास मासा धरायला जिग लागतो: शिशाच्या डोक्याचा गळ, भोवती रबरी धाग्यांची झालर. मागून मऊ प्लास्टिकची शेपटी ओवली की तो ऐवज तळाशी फिरणाऱ्या झिंग्यासारखा दिसतो. शेपटी कुठली ओवावी, यावरून इथे सख्ख्या नात्यांतली बोलणी बंद झाली आहेत.

"मार्चच्या गार पाण्यात मासा सुस्त असतो," हर्शेल म्हणे. "त्याच्यापुढे जाड, तपकिरी, गप्प बसणारी शेपटी टाकावी. कुडकुडणाऱ्या माणसापुढे कुणी नाचतं का?"

"दाजी, तुमची शेपटी बघून मासा तोंड उघडत नाही," डॉइल म्हणे, "श्रद्धांजली वाहतो."

तरी मार्चची स्पर्धा हर्शेलने सलग नऊ वर्षं जिंकली होती. पाच माशांचं वजन धरायचं. सलग दहा वर्षं जिंकेल त्याने मासेमारी क्लबातली विजेत्यांच्या नावांची फळी कायमची घरी न्यायची. फळीसाठी त्याने दिवाणखान्यात खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. पण गेल्या वर्षी डॉइल अगदी थोडक्यात मागे राहिला होता.

फेब्रुवारीत त्याने पाद्रीबुवांना मध्ये घालून डॉइलच्याच दुकानातून निळ्या, रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या शेपट्या मागवल्या. न्हाणीघरातल्या टबात एक ओढून पाहिली. ती इतकी सुरेख वळवळली, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. बायको नॅडीन भावाला सांगेल म्हणून त्याने पाकीट न वाचताच शेगडीत टाकलं आणि माल स्वतःच्या डबीत तपकिरी शेपट्यांखाली दडवला.

स्पर्धेला होडीतला जोडीदार चिठ्ठी टाकून ठरतो. चिठ्ठीत निघाला डॉइल.

पाण्यावर गेल्यावर हर्शेलने डबी उघडली. आत शेपटी म्हणून नव्हतीच. तपकिरी आणि निळा मिळून एक चिकट, ओला गोळा डबीच्या तळाला घट्ट बसला होता. ती दोन जातींची प्लास्टिकं एकत्र ठेवली की विरघळतात. पाकिटावर तेच ठळक छापलेलं होतं.

डॉइल वाकून बघत राहिला. "दाजी, हा निळा माझ्याकडचा."

"पुढे बघ. पाण्यातल्या झाडावर आदळशील."

"पाद्रीबुवा मासे कधीपासून धरायला लागले, याचाच मी महिनाभर विचार करतोय." डॉइलने आपलं पाकीट पुढे केलं. "घ्या एक. फक्त धक्क्यावर चारचौघांत म्हणा, डॉइलची शेपटी बरी."

"तुझी शेपटी तूच लावून घे."

हर्शेलने चाकू काढला, डाव्या बुटाची चामडी जीभ मुळापासून कापली, टोकाला चीर दिली आणि जिगला ओवली. चामडं पाण्यात जराही हललं नाही. दुपारपर्यंत त्याच्यावर चार मासे लागले, चारही दांडगे. डॉइलच्या मासे ठेवायच्या टाकीत पाच होते, बेताचे.

दोन वाजता बुडालेल्या ओंडक्यात हर्शेलचा जिग अडकला, दोरी तुटली, चामडं गेलं. एकच मासा हवा होता. डॉइलने पाकीट पुन्हा पुढे धरलं आणि दात काढले.

हर्शेलने उजवा बूट काढला.

पाचवा मासा लागला नाही. उजव्या बुटाची जीभ रोज ओढून ओढून झिजलेली, पातळ होती. ती पाण्यात वळवळली. हर्शेल डॉइलकडून मोजून पाव पौंडाने हरला आणि दोन्ही बूट फटक-फटक वाजवत धक्क्यावरून चालत गेला. कुणी हात पुढे केला तर तो हातालाही शिव्या देत होता.

एप्रिलमध्ये डॉइलच्या दुकानाच्या काचेत नवी चामडी शेपटी लागली. खाली पाटी: 'दाजी स्पेशल'. वर्षानुवर्षं त्या दुकानाची पायरी न चढलेला हर्शेल दार ढकलून आत घुसला.

"गाढवा! गार पाण्याचा माल एप्रिलमध्ये विकतोस? आणि ही किती पातळ कापलीय! ही वळवळेल!"

"मग जाड कापून द्या," डॉइल म्हणाला आणि त्याने काउंटरवर चाकू सरकवला.

हर्शेल अजून तिथे उभा राहून कापतो आहे, आणि शिव्या देतो आहे.