भाऊजींनी शिकून घेतलेलं घर

रेखाचा फोन आला तेव्हा शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या आणि मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. "मावशी, बाबा गेले..." एवढंच ती बोलली. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, हे पुढे तिच्या नवऱ्याने सांगितलं. राजुऱ्याहून चंद्रपूर, तिथून ब्रह्मपुरी, मग वडसा आणि वडशाहून पुढे वैनगंगेच्या काठचं त्यांचं गाव... एसटीच्या त्या लांबलचक प्रवासात शेजारच्या बाईने माझा पदर सारखा डोळ्यांना जाताना पाहिला आणि विचारलं, "कोन गेलं, बाई?" मी म्हणाले, "भाऊजी." ती जरा बुचकळ्यात पडली. "म्हंजे बहिनीचा नवरा?" मी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. बहिणीच्या नवऱ्यासाठी इतकं रडायची आपल्याकडे रीत नाही. तिला एसटीत सांगता आलं नाही, ते आज सांगते.

माझी मोठी बहीण शेवंता. आम्ही तिला बाई म्हणायचो. ती माझ्यापेक्षा बरीच मोठी, मला अंगाखांद्यावर खेळवलेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन थंडीत, गावोगावी मंडईच्या जत्रांची धूम चालली असताना तिला कावीळ झाली. झाडपाला झाला, दवाखाना झाला, पण ती वाचली नाही. मागे राहिल्या दोन मुली. रेखा पहिलीत जाणारी आणि बेबी जेमतेम चालायला लागलेली. भाऊजी, म्हणजे देवाजी, गावच्या तलावात मासे धरायचे, थोडी धानाची शेती करायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गावातल्या माणसांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जायचे. घरात रोख पैसा यायचा तो त्या मिरचीचाच.

बाईच्या तेरवीला जेवणं उरकली आणि पुरुषमंडळी छपरीत बसली. मी आतल्या दाराशी बेबीला मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा माझी बारावी होत आली होती आणि गडचिरोलीला जाऊन डी.एड. करायचं हे मी मनाशी धरलं होतं. बाहेर माझे बाबा म्हणाले, "मावशी म्हंजे मायच. मंदीले देऊन टाकू. घरातली पोरगी घरातच राहीन, आन् पोरी उघड्यावर नाई पडनार." मंदी म्हणजे मी. चार जणांनी माना डोलावल्या. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटण्याची सोय नव्हती. मांडीवरची पोर माझ्या बांगड्या चोखत होती...

भाऊजी खांबाला टेकून बसले होते. ते सासऱ्यांना म्हणाले, "मामाजी, तुमी मले बायको नाई देऊन राह्यले. सयपाकीन देऊन राह्यले."

बाबा जरा चढ्या आवाजात म्हणाले, "मंग पोरीईचं कोन करन?"

"मी करीन."

"गड्यानं चूल सांभाळली हाये कधी?"

"नाई सांभाळली. शिकीन." मग ते आतल्या दाराकडे न बघताच म्हणाले, "आन् मंदीले कोनी इचारलं काय? तिले मास्तरीन व्हाचं हाये. शेवंता सांगत होती मले."

बाईला मी हे कधी सांगितलं होतं, मला आठवतसुद्धा नव्हतं. आणि तिने ते नवऱ्यापाशी बोलून ठेवलं होतं. शेवटी बाबा म्हणाले, "पुढच्या मंडईलोग पाहू. पोरीईचे हाल दिसले तं मी कोनाचं आयकनार नाई."

म्हणजे मला एक वर्ष मिळालं. ते मिळालं असं तरी कसं म्हणू... ते भाऊजी तिकडे एकेक दिवसाने कमावत होते.

अडचण अशी होती की दोन लहान पोरी घरात टाकून मिरचीला जाता येईना. जायचं नाही तर पैसा नाही. तेल, साबण, कपडा, सगळं त्या पैशावर यायचं. भाऊजींनी त्यावर साधा तोडगा काढला. कमाई वाढत नाही ना, मग जे जे दुकानातून येतं ते घरी होतं का, हे बघायचं. मीठ, औषध आणि पोरींची पाटीपुस्तकं सोडली तर त्यांनी दुकानाची पायरी जवळजवळ सोडलीच. शेजारच्या म्हाताऱ्या बायांच्या अंगणात जाऊन ते बसायचे आणि विचारायचे. लाखोळीच्या डाळीच्या वड्या कशा घालायच्या, त्यांना ऊन किती दाखवायचं. मासोळी सुकवताना मुंग्या कशा दूर ठेवायच्या. मोहाच्या बिया, ज्यांना आम्ही टोऱ्या म्हणतो, त्या गोळा करून त्यांचं तेल काढायचं आणि त्यातच भाजी फोडणीला टाकायची. बांबूचे कोवळे कोंब पावसाळ्यात आणून वाळवले की ते थंडीपर्यंत पुरतात. भांड्यांना राख, डोक्याला रिठे, भाताची पेज पोरींच्या पोटात आणि पेजेचं खालचं घट्ट पाणी शाळेच्या कपड्यांना खळ म्हणून. घरामागच्या वाडीत हातभर जागा रिकामी राहिली नाही. कुंपणावर वाल, मांडवावर दोडके, कडेने अंबाडी.

गावाने हसायचं ते हसून घेतलं. विहिरीवर बाया म्हणायच्या, देवाजी बाईमाणूस झाला. पारावरची माणसं त्यांना चिकट म्हणायची. मी सुट्टीत गेले असताना एकाने तोंडावरच विचारलं, "काऊन देवाजी, आता लुगडं कधी नेसतोस?" भाऊजी त्या वेळी बाईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "जाळं इनता येते मले, तं गोधडी काऊन नाई शिवता येनार? टाका तं टाकाच असते." पोरींच्या वेण्यासुद्धा ते जाळ्याच्या गाठीनेच बांधायचे. रेखाची वेणी आठ दिवस सुटायची नाही, आणि सोडायला गेलं की ती ओरडायची.

पावसाळ्यात माझा डी.एड.ला नंबर लागला आणि मी गडचिरोलीला राहायला गेले. महिना-दीड महिना झाला असेल, निरोप आला की बेबीला मलेरिया झालाय आणि भाऊजींनी तिला इथल्याच दवाखान्यात आणलंय. मी धावत गेले. पोर तापाने निपचित पडली होती. रेखा कोपऱ्यात पोतडीवर बसली होती. तिलाही बरोबर आणलं होतं, दुसरं कुठे ठेवणार? भाऊजींनी व्हरांड्याच्या मागे तीन विटा मांडून पेज शिजायला ठेवली होती. घरून तांदूळ, सुकी मासोळी, काटक्या, पाण्याचा गडू, पांघरूण, सगळं पाठीवर बांधून आणलं होतं. आजूबाजूचे लोक हॉटेलातून जेवण आणत होते. भाऊजींनी दुकानातून फक्त औषधं घेतली आणि एक बिस्किटांचा पुडा, तोही बेबी शुद्धीवर आली की तिच्या हातात द्यायला.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. नातीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मंदे, आता बस झालं. चाल घरी." मला खरंच वाटलं, आता बस झालं. त्या पोरीचा हात हातात घेतला की पुस्तकं, वर्ग, सगळं खोटं वाटायचं. मी भाऊजींना म्हणाले, "मी राहते इथंच. कॉलेजचं पाहू मंग."

भाऊजी चुलीतली राख बाजूला सारत होते. ते उठले आणि बाबांसमोर येऊन उभे राहिले. "मामाजी, ताप तं माय असलेल्या पोरीलेबी येते. या वार्डात पाहा, किती माया बसल्या हायेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉलेजात जा. संध्याकाळी येऊन पोरीले गोष्ट सांग. मले गोष्टी येत नाई."

मी गेले. संध्याकाळी येऊन गोष्ट सांगितली. आठवड्याभरात बेबी उठून बसली आणि पहिली मागणी तिने बिस्किटाची केली.

आणि मग मंडई आली. आमच्या भागात दिवाळीनंतर एकेका गावाची मंडई भरते, नाटकं होतात, घरोघरी पाहुणे येतात. त्या वेळी मान राखायचा म्हणून लोक उसनवारी करतात. बाबा आणि मी भाऊजींकडे पोचलो तेव्हा ते सारवलेल्या अंगणात उभे होते आणि बाबा पाहुणे कमी, तपासणीला आलेले साहेब जास्त वाटत होते. त्यांनी धानाचा ढोला, म्हणजे बांबूची मोठी कणगी, वाकून पाहिला. पोरींची नखं पाहिली. बेबीच्या झबल्याची शिवण उलटून पाहिली. ते झबलं बाईच्या लुगड्याचं होतं, बाबांनी ते ओळखलं आणि हात मागे घेतला.

जेवायला वाडीतली वालाची भाजी, अंबाडीच्या आंबट पानांत शिजवलेली ताजी मासोळी, भात आणि भाजलेल्या वड्या होत्या. बाबांनी विचारलं, "तेल कोनाकडून आनलं?" भाऊजी म्हणाले, "घरचं हाये." "वड्या?" रेखा मध्येच ओरडली, "मी घातल्या बाबासंगं!" बाबांनी बेबीला घास भरवायला हात पुढे केला. तिने तो खाल्ला, पण खाताना बघत होती भाऊजींकडेच, खाऊ का म्हणून. बाबांच्या ते लक्षात आलं असावं. ते पोटभर जेवले. हात धुताना गडूतलं पाणी ओतता ओतता त्यांनी मला विचारलं, "मंदे, तुयी परीक्षा कधी हाये?"

बस, एवढंच. पण मला कळलं, आणि भाऊजींनाही कळलं. माझ्या लग्नाचा तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. मी शिक्षिका झाले. पुढे राजुऱ्याकडच्या मुलाशी, जो मला पसंत होता, त्याच्याशी माझं लग्न झालं. त्या लग्नात मांडवाचे बांबू भाऊजींनी बांधले.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. रेखा चौथीत असताना शाळेत लाल रिबिनींची टूम निघाली. भाऊजींनी बाईच्या एका लुगड्याचा लाल काठ कापून त्याच्या रिबिनी केल्या. पहिल्याच पावसात रंग सुटला आणि रेखाच्या पांढऱ्या ब्लाउजवर लाल ओघळ उतरले. पोरींनी चिडवलं. रेखाने घरी येऊन रिबिनी चुलीत टाकल्या. आईच्या लुगड्याचा काठ होता तो... दुसऱ्या दिवशी भाऊजी सायकल काढून वडशाला गेले आणि दुकानातली चकचकीत रिबीन घेऊन आले. मला पुढे सांगताना म्हणाले, "काई गोष्टी घरी होतच नाई, मंदे. मले थोडं उशिरा समजलं."

पोरी मोठ्या झाल्या, रेखाचं वडशात लग्न झालं, बेबी गडचिरोलीला शिवणकाम करू लागली. घरात गॅस आला, पंखा आला. पण भाऊजींची चूल चालूच राहिली. गॅसवर चहा व्हायचा तो पाहुण्यांचा. रेखा वैतागायची. मी एकदा धीर करून विचारलं, "भाऊजी, दुसरी कोणी का नाही केली?" ते आधी हसले. "येळ कुठी होता?" मग हातातल्या शेंगा सोलता सोलता थांबले. "शेवंता असती तं यातलं एकबी काम मी केलं नसतं. ती एकटीच करे. घरात एवढं काम असते, मले मालूमच नोतं... ते तिले सांगाचं राहून गेलं."

त्यांच्या तेरवीच्या आदल्या दिवशी आम्ही घर आवरत होतो. रेखा माळ्यावर चढली आणि वरूनच तिने हाक मारली. वर पळसाच्या पत्रावळ्यांचे गठ्ठे रचलेले होते, बांबूच्या बारीक काड्यांनी टाचलेले, दाबून सपाट केलेले. भाऊजींनी शेवटचे दोन महिने बसून ते बेबीच्या लग्नासाठी लावून ठेवले होते. लग्न अजून ठरायचं होतं. रेखा म्हणाली, "हे कसे काढाचे? तेरवीले दुकानातून आनू." बेबी खाली उभी होती. इतके दिवस रडली नव्हती ती पोर. म्हणाली, "बाबानं दुकानातून आनू देल्ल्या असत्या काय?" आणि ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग आम्ही तिघीही.

गाव जेवलं त्या पत्रावळ्यांवर. लुगडं कधी नेसतोस म्हणून विचारणारा माणूसही पंगतीत होता. त्याने पान वाढायच्या आधी पत्रावळ उलटी करून टाके पाहिले, पुन्हा सुलटी केली आणि मान खाली घालून जेवला.

उरलेल्यांतला एक गठ्ठा बेबीने मला दिला. राजुऱ्याच्या माझ्या स्वयंपाकघरात तो काही दिवस खिळ्याला टांगून होता. नवरा म्हणाला, आठवण म्हणून राहू दे. मलाही तसंच वाटत होतं. पण परवा रविवारी मी तो काढला. भाऊजींनी नुसतं ठेवून द्यायला म्हणून आयुष्यात काही केलं नव्हतं. वाळल्या पानांवर पाण्याचा हात फिरवला, ती हळूहळू मऊ पडली, त्यांचा कोरडा रानटी वास घरभर सुटला. जमिनीवर चटई टाकली, दोन पत्रावळ्या मांडल्या आणि गरम भात वाढायला घेतला.